मेजातली दौत

बार्शीच्या एका जैन घराण्यात, जुन्या दुकानाच्या माडीवर, एक सागवानी मेज अद्याप जपून ठेवलेले आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात पेल्याच्या तळाएवढे गोल भोक आहे. भोकाभोवती बोटभर रुंदीची पन्हळ कोरलेली असून ती मागच्या बाजूस एका छिद्रातून खाली उतरते. घरातील लहान मुलांना वाटते, ही पाण्याच्या तांब्याची जागा असावी. ज्यांनी टाकाने लिहिले आहे अशी माणसे भोक पाहताच ओळखतात की ते दौतीचे आहे. पन्हळीचा उलगडा मात्र त्यांनाही होत नाही, कारण अशी पन्हळ दुसऱ्या कोणत्याही मेजाला दिसत नाही.

ही हकीगत १९३० च्या सुमाराची. बार्शी त्या काळी तूर, ज्वारी आणि भुईमुगाची मोठी पेठ होती. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे आपल्या अरुंद रुळांवरून माल कुर्डुवाडीला नेऊन मोठ्या गाडीच्या हवाली करीत असे. या घराण्याचा धंदा अडतीचा. कर्ते पुरुष होते अण्णा. आणि कीर्द-खतावणी सांभाळीत दिवाणजी, ज्यांना पेढीवर २२ वर्षे झाली होती. दिवाणजी मोडी लिहीत, तेही बोरूने. रेघ आखून घ्यायची, बोरू दौतीत बुडवायचा आणि हात न उचलता ओळ संपवायची, ही त्यांची रीत. गादीवर मांडी घालून, गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी पहिली वीस वर्षे काढली.

मेज आले ते मुंबईहून, एका लिलावातून. कोण्या कचेरीचे असावे. त्याला चिनी मातीची दौत खोबणीत बसवलेली होती, इंग्रजी शाळांतून मुलांच्या बाकांना असे तशी. अण्णांना हे मेज फार आवडले. गादीवरची दौत पायाने लवंडण्याची भीती नित्याची होती; मेजात रोवलेली दौत लवंडणार कशी? दिवाणजी मात्र प्रथमपासून साशंक होते. लवंडणारी दौत उचलून धुता येते, रोवलेली धुवायची कशी, असे ते म्हणत. त्यात तथ्य होते. उघड्या दौतीत धूळ पडते, पाणी उडून जाऊन शाई दाट होते, तळाशी गाळ बसतो, आणि मग टाक बुडवला की निबेवर शाईऐवजी चिखल येतो.

परंतु अण्णांच्या मनाला लागली ती वेगळीच गोष्ट. मेज आल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. दिवे लागण्यापूर्वी जेवण उरकून अण्णा कधी कधी तासभर दुकानात बसत. कंदिलावर चिलटे येत आणि त्यांतली काही नेमकी दौतीत पडत. टाकाच्या टोकाने एखादे बाहेर काढावे आणि टीपकागदावर ठेवावे. पंख शाईने चिकटलेले, पाय हलत आहेत, हलायचे थांबले. ज्या घरात पिण्याचे पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडले जात, त्या घराच्या दुकानात रोज चार चिलटे शाईत बुडून मरावीत, हे अण्णांना सहन होईना. वस्तू उचलताना आणि ठेवताना जीव जपावा, ही समिती मुनींसाठी सांगितली असली तरी गृहस्थालाही तिची थोडी लाज असावी, असे त्यांचे म्हणणे.

म्हणून त्यांनी दौत सुधारण्याचा ध्यास घेतला. आरंभी जुनाच उपाय केला: दौतीत सुती चिंधीचा बोळा. बोळा शाई धरून ठेवतो, टाक त्यावर टेकवला की पुरेशी शाई लागते आणि किडा बुडत नाही, वर बसून राहतो. बोरूला हे उत्तम मानवते. पोलादी निबेत मात्र चिंधीचे तंतू अडकतात आणि अक्षराला शेपट्या फुटतात. पुढे कुंभाराकडून नरसाळ्याच्या आकाराचे तोंड असलेली दौत करवून घेतली. अशी दौत आडवी पडली तरी शाई कडेच्या पोकळीत जाते, सांडत नाही. युक्ती चांगली, पण खोबणीत रोवलेल्या दौतीला आडवे पडण्याचे भय नव्हतेच. आणि चिलटांना नरसाळे म्हणजे निमंत्रणच.

खरी युक्ती सुचली ती मंदिराच्या आवारात. तेथे पाखरांसाठी मातीची थाळी ठेवून तिच्यात पाण्याची बाटली पालथी घातलेली असे. पाखरे प्यायली की थाळीतले पाणी बाटलीच्या तोंडाखाली उतरते, हवेचा एक बुडबुडा वर जातो, आणि तेवढेच पाणी खाली येते. थाळी भरून वाहत नाही आणि रिकामीही होत नाही. युरोपात याच तत्त्वाच्या दौती एकोणिसाव्या शतकापासून बनत होत्या, हे अण्णांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते पाखरांकडूनच घेतले. मेजाच्या भोकात त्यांनी एक बंद काचेची कुपी बसवली. तिच्या बुडाशी एक आखूड नळी, आणि नळीच्या टोकाला करंगळी जेमतेम शिरेल एवढी वाटी. शाई सगळी कुपीत. उघडी राहते ती वाटीतली थेंबभर. पृष्ठभाग इतका लहान की पाणी उडत नाही, धूळ पडत नाही, आणि चिलटाला पडायचे म्हटले तरी नेम धरून पडावे लागेल. शिवाय शाईची पातळी सदैव एकच, त्यामुळे टाक दरवेळी सारखाच बुडतो आणि डाग पडत नाही.

एक अडचण राहिली. काजळ आणि डिंक घालून घरी केलेली शाई नळीत साचून बसे. कुपीला विकतची पातळ निळी-काळी शाईच चालत असे. दिवाणजींनी आपली मातीची दौत आणि बोरू मेजावर एका बाजूस ठेवून दिला, पण अण्णांच्या समाधानाखातर दिवसाचा काही मजकूर ते टाकाने लिहू लागले. दर सोमवारी कुपी भरण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. पेठेतले लोक दौत पाहायला येत. अण्णा टाक बुडवून दाखवीत, बुडबुडा वर गेला की पाहुण्यांकडे पाहत. त्या पावसाळ्यात दौतीत एकही चिलट मेले नाही.

पुढच्या वैशाखात, एका रविवारी, दुपारी एक वाजता दुकानाची फळी लावली गेली. दिवाणजींचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला असल्याने ते उन्हाळ्यात दुपारची विश्रांती दुकानातच, पोत्यांच्या आडोशाला घेत. रोजकीर्दीचे पान वाळण्यासाठी मेजावर उघडे होते. चार वाजता अण्णा आले तेव्हा पानाच्या तळाशी शाईचा हातभर ओघळ होता आणि शेवटच्या तीन रकमा त्याखाली बुडाल्या होत्या. दिवाणजी नुकतेच उठून डोळे चोळीत होते.

त्या तीनांपैकी दोन रकमा कच्च्या टिपणावरून लागल्या. तिसरी लागेना. दिवाणजी म्हणाले, एका हमालाला २५ रुपये उचल दिली होती, तीच ती. गल्ल्यात २५ रुपये कमी होते हे खरे. पण हमाल लग्नासाठी गावी गेलेला. अण्णांनी विचारले, “दौत कशी सांडली?”

“मी नाही सांडली, अण्णा. मी हातसुद्धा लावला नाही.”

आत दुसरे कोणीही नव्हते. फळी आतून लावलेली होती. अण्णा एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी निघताना त्यांनी फक्त गल्ल्याची किल्ली मागून घेतली. व्यापारी घरांत वाढलेल्या वाचकांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. मोठ्याने बोललेला आरोप निदान खोडून तरी काढता येतो. दुसऱ्या दिवशी दिवाणजी पेढीवर आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत.

आठ दिवसांनी हमाल परतला. त्याने स्वतः होऊन सांगितले की लग्नासाठी दिवाणजींनी २५ रुपये दिले. हिशेब पैशापर्यंत जुळला. येथे कोणीही दिवाणजींना बोलावणे पाठवले असते. पण अण्णांच्या मनात एक गाठ राहिली. पैशाबद्दल संशय उरला नव्हता, शाईबद्दल होता. चूक झाली तर झाली, ती कबूल का करू नये? २२ वर्षांच्या माणसाने एवढ्याशा गोष्टीसाठी खोटे का बोलावे? सत्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाला असा राग फार दिवस पुरतो. घरातल्या काकी एकदा ताट वाढताना म्हणाल्या, “चिलटाला वाचवायला एवढी दौत बांधली, आणि माणसाला एकदा विचारायलासुद्धा जाववत नाही का?” अण्णा जेवून उठले.

कीर्द आता तेच लिहीत होते. कुपी भरायची कोणाच्या ध्यानात आली नाही आणि शाई तळाला गेली. एका दुपारी काम राहिले म्हणून अण्णा फळी लावून दुकानातच बसले. वर पत्रा तापलेला. खतावणी चाळता चाळता त्यांची नजर वाटीकडे गेली. शाई वाटीच्या काठाशी आली होती. ती काठाच्या वर फुगली, थरथरली, आणि एक बारीक धार मेजाच्या उतारावरून वहीकडे निघाली. अण्णांनी वही उचलली, आणि ती हातात धरून बराच वेळ तसेच उभे राहिले.

कारण साधे होते. कुपी पालथ्या बाटलीसारखी असल्याने तिच्या माथ्याला हवा कोंडलेली. सकाळची २७ अंशांची हवा दुपारी ४२ अंशांना गेली की तिचा आकार सुमारे विसाव्या भागाने वाढतो. त्यात शाईची वाफ भर घालते. ती फुगलेली हवा खालची शाई नळीतून बाहेर ढकलते. कुपी भरलेली असेल तर हवा थोडी, म्हणून वाटी जेमतेम ओलांडते किंवा ओलांडतही नाही. पण दहा तोळ्यांच्या कुपीत आठ तोळ्यांची जागा हवेची झाली की अर्धा तोळा शाई सहज बाहेर येते. भरलेली दौत सांडत नाही आणि रिकामी होत आलेली सांडते, हे कोणाच्या मनात येणार? शिवाय सायंकाळी हवा गार झाली की वाटीतली शाई पुन्हा आत ओढली जाते. सांडला तो दिवस रविवारचा होता, आणि कुपी भरली जाई सोमवारी. मंदिरातल्या बाटलीचेही हेच होत असणार. फक्त थाळी मोठी आणि पाण्याला रंग नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी सर्वांकडे जाऊन क्षमा मागण्याची घरची रीत होती. त्याला चार महिने अवकाश होता. अण्णा त्याच दुपारी, ऊन उतरण्याची वाट न पाहता, गावाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेले.

दिवाणजी ओसरीवर बसले होते. अण्णा पायरीवरच थांबून म्हणाले, “दिवाणजी, दौत तुम्ही सांडली नव्हती.”

“ते मला ठाऊक होतं, अण्णा,” दिवाणजी म्हणाले. “तुम्हांला कधी कळलं?”

अण्णांनी हात जोडून क्षमा मागितली आणि सगळा प्रकार सांगितला. आतून पन्हे आले. दिवाणजींनी दौतीविषयी बारीकसारीक प्रश्न विचारले, कुपीत शाई किती होती, वाटी किती वाजता भरली. जणू ते दुसऱ्याच कोणाचे प्रकरण होते. अण्णांनी गल्ल्याची किल्ली पुढे केली तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतला. “कीर्द लिहायला उद्यापासून येतो. किल्ली धाकट्या शेठजींकडे राहू द्या.” अण्णांनी दोनदा आग्रह केला. त्यानंतर दिवाणजी कित्येक वर्षे पेढीवर होते, पण गल्ल्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, आणि पुन्हा कोणी आग्रहही केला नाही.

आज मेजात दिसते ती दौत दोघांनी मिळून करवून घेतली. काचेची कुपी गेली. तिच्या जागी चिनी मातीची लहान, उचलून धुता येणारी दौत आली. तिच्यात रोज सकाळी त्या दिवसापुरतीच शाई घालायची. तोंडावर पितळी झाकण, आणि त्याची बिजागरी अशी की झाकण काटकोनाच्या अलीकडेच अडते. बोटाने धरल्याशिवाय ते उघडे राहूच शकत नाही. कोणी विसरले तरी ते आपोआप मिटते आणि रात्री चिलटाला वाट उरत नाही. पहिला महिनाभर सगळ्यांचे डावे हात कुरकुरले, मग सवय झाली. पन्हळ सुचवली दिवाणजींनी. सुताराने भोकाभोवती चर कोरला आणि मागे छिद्र पाडून खाली पत्र्याची डबी लावली, म्हणजे पुढेमागे कोणत्याही कारणाने शाई सांडली तरी ती वहीकडे जाऊ नये.

डागाळलेले पान फाडले नाही. हिशेबाच्या वहीतले पान फाडायचे नसते. त्याच्या समासात अण्णांनी टाकाने लिहिले आहे की शाई उष्म्याने दौतीतून आपोआप वर येऊन सांडली, दिवाणजींकडे दोष नाही. त्याखाली, परत आल्यावर, दिवाणजींनी बोरूने हमालाच्या नावे २५ रुपये पुन्हा लिहून ठेवले. अण्णांची विकतची शाई आता विटून तांबूस झाली आहे आणि ओळ वाचायला पान उजेडाकडे धरावे लागते. दिवाणजींची काजळाची ओळ काळीभोर आहे.