संथ आरंभाची फॅण्टसी आणि वाचकाचा धीर

रॉबिन हॉब या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिकेच्या ‘फारसीअर’ त्रयीचा पहिला खंड, ‘असॅसिन्स अप्रेंटिस’, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. फॅण्टसी, म्हणजे स्वतःचे नियम असलेल्या कल्पित जगाची कथा, हाती घेणाऱ्याला अपेक्षित असलेल्या लढाया आणि चमत्कार त्यात बराच काळ दूरच राहतात. राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ सहाव्या वर्षी राजघराण्याच्या हवाली केला जातो, तबेल्याचा प्रमुख बरिच त्याला वाढवतो, आणि मारेकऱ्याचे गुप्त शिक्षण सुरू झाल्यावरही कथेचा भर मुलाच्या एकटेपणावरच राहतो. ‘विट’, म्हणजे प्राण्याच्या मनाशी जोडले जाण्याची शक्ती, या जगात लाजिरवाणी मानली जाते. म्हणूनच बरिच फिट्झचे लाडके पिल्लू त्याच्यापासून दूर करतो, आणि त्या एका कृतीतून रुजलेला अविश्वास पुढे कितीतरी प्रकरणे दोघांच्या बोलण्यात, त्याहूनही अधिक न बोलण्यात, जाणवत राहतो.

वेग मंद आहे हा आक्षेप खराच, आणि तिसरा खंड तर प्रवासात विनाकारण रेंगाळतो; त्यामुळे २०१७ पर्यंत सोळा कादंबऱ्यांत विस्तारलेल्या या विश्वात केवळ पुढे काहीतरी घडेल या आशेवर टिकून राहावे, असा सल्ला देणे कठीण आहे. शंभरेक पानांनंतर बरिचचा राग आणि कीव एकाच वेळी येत नसेल, तर पुस्तक खुशाल मिटावे, कारण पुढचे दोन्ही खंड बव्हंशी अशाच नात्यांच्या ताणावर उभे आहेत.