स्फटिकाची परीक्षा

मी मराठीची शिक्षिका. स्फटिकाशी माझा संबंध खडीसाखरेपुरता! पण परवा नातवाने विचारलं, "आजी, तुमच्या त्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागे काय असायचं?" आणि मंडळी, माझ्या दोन दुपारी त्यातच गेल्या.

त्या काळी पुष्कळ प्लेअरमध्ये सुईमागे रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असे. सुई थरथरली की त्यावर ताण पडतो, ताणामुळे वीज निर्माण होते आणि तिचाच पुढे आवाज होतो. स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. रोशेल सॉल्ट या कामात हुशार, पण प्रकृतीने नाजूक. दमट हवेत विरघळतं, फार कोरड्या हवेत भुकटी होतं आणि साधारण ५५ अंश सेल्सिअसला कामातूनच जातं. सोलापूरच्या पत्र्याखाली मे महिन्यात आमचा प्लेअर घोगरा का झाला असावा, ते आत्ता कळलं.

दणकट हवा असेल तर क्वार्ट्झ, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीतला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या बोटी बुडवत होत्या, तेव्हा पॉल लांजव्हँ यांनी १९१७ मध्ये समुद्रात ध्वनिलहरी सोडायला हाच वापरला. दोन पोलादी तबकड्यांमध्ये क्वार्ट्झच्या चकत्यांची फरसबंदी. त्यातली एक जरी उलटी बसली, तरी ती शेजारणीच्या विरुद्ध काम करणार!

म्हणून चकती पारखून घ्यायची. तडे, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. खरा घात करतो तो जुळेपणा. एकाच स्फटिकात दोन भाग उलटसुलट वाढलेले असतात. दाबलं की एक भाग धन भार देतो, दुसरा ऋण, आणि हाती फारसं काही उरत नाही. दिसायला मात्र स्वच्छ काच. काही जुळी तेलात बुडवून ध्रुवित प्रकाशात धरली की ओळखू येतात. दुसरी जात तिथेही पकडली जात नाही. तिच्यासाठी चकती आम्लात ठेवतात. दोन्ही भाग वेगवेगळे कोरले जातात आणि तिरप्या उजेडात एक चमकतो, दुसरा मंद दिसतो. (हे आम्ल काचसुद्धा खातं. नातवाने घरी प्रयोग करू नये!)

दुसऱ्या महायुद्धानंतर सोनारमध्ये हळूहळू भाजलेल्या सिरॅमिकने क्वार्ट्झची जागा घेतली. मनगटावरच्या घड्याळात मात्र तो अजून आहे, पण आता खाणीतला नव्हे, कारखान्यात वाढवलेला.