जुळवून घ्यावं लागतं

बनी पार्कातल्या आमच्या घराच्या जिन्यावर, वरच्या खोलीच्या दाराशी मी एक कागद चिकटवला होता. वर हिंदीत, खाली तोच मजकूर इंग्रजीत. अंडं, मांस, मासे आणायचे नाहीत. खोलीत स्वयंपाक करायचा नाही, डबा मेसचा घ्यायचा. फाटक रात्री दहाला बंद. कुणी भेटायला आलं तर खाली बसायचं, तेही सातपर्यंत. नवा भाडेकरू आला की हा कागद मी मोठ्यानं वाचून दाखवत असे. त्यातल्या एकाही ओळीत मला काही वावगं वाटत नव्हतं.

परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांबद्दल माझं मत ठाम होतं. शिकायला आपण होऊन आलात ना, मग इथलं खा, इथलं हवामान सोसा, इथल्या रीतीनं राहा. जुळवून घ्यावं लागतं. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की माझ्या मुलीला ते पाठ आहे. ते बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालले होते, कारण मी स्वतः जुळवून घेतलं होतं.

1987 साली लग्न होऊन चिपळूणहून मी जयपूरला आले. हे पश्चिम रेल्वेत होते. जयपूर विभाग तेव्हा पश्चिम रेल्वेकडेच होता. पुढे 2002 साली उत्तर पश्चिम रेल्वे निघाली, तिचं मुख्यालय जयपूरला झालं आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. पण पहिला महिना सांगते. आईनं बरोबर दिलेले सुके बोंबील मी क्वार्टरमध्ये भाजले. शेजारच्या दोन्ही घरांच्या खिडक्या धाडधाड लागल्या. दुसऱ्या दिवशी मी ज्यांच्याकडे लाडवांची वाटी पाठवली होती, त्यांच्याकडून ती धुऊन, रिकामी परत आली. इकडे वाटी कधी रिकामी परत येत नाही. मला कुणी एक शब्दही बोललं नाही. मीच मासे सोडले. बाजरीची रोटी शिकले, गट्ट्याची भाजी शिकले. पुढं आम्ही बनी पार्कात एका जुन्या बंगल्याचा मागचा भाग घेतला तोवर शेजारीपाजारी मला शाकाहारीच समजत होते, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही.

हे गेल्यावर वरची खोली भाड्यानं द्यायला लागले. स्टेशन, सिंधी कॅम्पचं बसस्थानक, मेट्रो सगळं चालत जाण्याजोगं, त्यामुळे भाडेकरू लगेच मिळतात. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात श्रीलंकेहून आलेली एक मुलगी राहायला आली. आयुर्वेदाचं पुढचं शिक्षण घ्यायला आली होती. आयुर्वेदामुळे जयपूरला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. जोरावरसिंह गेटचं राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान 1976 सालचं आहे, 2020 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. मुलगी अबोल, हसरी, सव्वीस वर्षांची. मी कागद वाचला. ती प्रत्येक ओळीला मान डोलावत गेली.

माझ्या बाजूचं काम मी चोख केलं. परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत पोलिसांसाठी सी फॉर्म भरावा लागे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, सगळं मी त्याच रात्री मुलीच्या मदतीनं ऑनलाइन भरलं. परदेशी नोंदणी कार्यालयातली, एफआरओची, नोंदणी चौदा दिवसांत व्हायला हवी, याचीही मी तिला दोनदा आठवण करून दिली. माझ्या मते यापलीकडे घरमालकिणीचं कर्तव्य नव्हतं. बाकीचं विद्यापीठानं बघावं.

डिसेंबरात एका संध्याकाळी जिन्यावर वास आला. तो वास मी छत्तीस वर्षांनी ओळखला. वर गेले तर तिनं छोट्या इलेक्ट्रिक शेगडीवर कढईत काहीतरी परतायला घेतलं होतं. घरून आणलेला सुका मासा. त्यांच्याकडे त्याला उंबलकड म्हणतात, चिमूटभर कशातही घालतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी दाराकडे बोट दाखवलं आणि तोच कागद पुन्हा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. तिनं माझ्यादेखत कढई कागदात उपडी केली, पुडकं बांधलं, खाली जाऊन कचऱ्यात टाकलं, परत येऊन तीनदा माफी मागितली. मी म्हणाले, "बेटा, मीपण सोडलंय. जुळवून घ्यावं लागतं."

हे लिहिताना मला नीट दिसतं की रागाचं कारण वास नव्हता. मी जे टाकून दिलं ते दुसरीनं माझ्याच घरात, माझ्या डोक्यावर बसून, विनासायास खावं, हे मला सहन झालं नाही. मी मोजलेली किंमत मी तिच्याकडून वसूल करत होते. वर त्या वसुलीला मी शिस्त म्हणत होते.

जानेवारीत फोन आला. परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या एक मॅडम बोलत होत्या. विचारत होत्या, मुलगी बरी आहे ना, आठ दिवस वर्गात आलेली नाही, फोन उचलत नाही. मी म्हणाले, असेल की वर. आणि म्हणता म्हणता माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ती असेल की नाही हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी तिच्या अगदी खालीच राहत होते. मेसचा डबा रोज सकाळी जिन्याच्या कठड्यावर लटकलेला असायचा. तो जड असायचा. डबेवाला एकदा म्हणालाही होता, "आंटीजी, मॅडम खाती नहीं क्या?" मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

वर गेले. ती रजईत होती, दोन स्वेटर, कानटोपी. जयपूरला जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. कोलंबोकडच्या माणसाला ही थंडी माहीत नसते, आणि मी तिला गीझरचं बटण दाखवलं होतं पण रात्री खिडकीच्या फटीत कापड कोंबायचं असतं हे सांगितलं नव्हतं. ताप नव्हता. रडतही नव्हती. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, काही नाही आँटी, उठवत नाही. एवढंच. घरी सांगितलंस का? नाही, आई घाबरेल. कॉलेजात कुणाला? नाही, शिष्यवृत्ती आहे, ते म्हणतील हिला जमत नाही.

मला उपदेश सुचला नाही, हे बरं झालं. मी खाली आले आणि गुरगुट्या भात लावला. आमच्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला, परीक्षेच्या पोराला, सगळ्यांना तोच देतात. साजूक तूप, वर मेतकूट. तिनं वाटीभर खाल्ला, मग आणखी वाटीभर. तीन महिने ती गव्हावर होती. जिच्या घरी तिन्ही त्रिकाळ भात शिजतो तिला मेसच्या चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी रोज बघून काय वाटत असेल, हे चिपळूणच्या बाईला कळायला तीन महिने लागले.

खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "आँटी, इथं नारळ मिळतो?"

चांदपोलच्या हनुमानजींच्या देवळाबाहेर प्रसादाच्या दुकानांत मिळतो. मी दोन आणले. माळ्यावरून आईची खवणी काढली, गंजलेली, चिंच लावून घासली. तिनं ती पाहिली आणि लगेच खाली बसून पाय दुमडून खवायला घेतलं. त्यांच्याकडेही अशीच असते. तिला शिकवावं लागलं नाही. एक तारखेला तिनं नारळाच्या दुधात भात शिजवला, ताटात थापून शंकरपाळ्यांसारखे तुकडे पाडले. किरीबत. महिन्याच्या पहिल्या दिवशी, वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडे हा करतात. तो जिन्यावर बसून खाताना मी बोंबलांची गोष्ट सांगितली. रिकाम्या वाटीची. ती माझ्या मुलीलाही मी कधी सांगितली नव्हती.

त्या रात्री मला आनंदीबाई जोशी आठवल्या. 1883 साली, अठरा वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाला डॉक्टर व्हायला गेली. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी तिला घरात घेतलं, ती त्यांना मावशी म्हणायची. तरीही थंडीनं आणि आजारानं तिला पोखरलं. 1886 मध्ये पदवी घेऊन परतली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिनं तिकडेही शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, याचं आपल्याला केवढं कौतुक. शाळेत मी त्यावर निबंध लिहिला होता. म्हणजे आपली मुलगी परमुलखात आपलं खाणं धरून राहिली तर ते तिचं धैर्य, आणि लंकेची मुलगी माझ्या घरी तसंच वागली तर तो नियमभंग. असं का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

पुण्याच्या बहिणीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, मुजुमदार सरांचं तसंच झालं होतं. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांनी पाहिलं. रेक्टर म्हणून जाब विचारायला गेले. मुलगा मॉरिशसचा, कावीळ झालेला, खोलीत एकटा, आणि ती त्याला जेवण आणून देत होती. त्यातूनच 1971 साली त्यांनी सिंबायोसिस ही संस्था काढली ती आधी परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून. कॉलेजं मागाहून आली. नावही त्यांच्या विषयातलंच आहे, दोन जीवांचं सहजीवन. मी ही हकीकत पूर्वी वाचली होती. तेव्हा मला त्यातला मोठा माणूस दिसला होता, खिडकी दिसली नव्हती.

आता मी विद्यापीठांवर सगळं ढकलत नाही, पण त्यांना सूटही देत नाही. 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात 46,878 परदेशी विद्यार्थी होते, 170 देशांतले, चौथ्या हिश्श्याहून अधिक नेपाळचे. सरकारनं 2018 पासून ‘स्टडी इन इंडिया’ हा उपक्रम चालवला आहे, विद्यापीठ अनुदान आयोगानं 2021 मध्ये विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्यालय काढायला सांगितलं. हे सगळं हवंच. पण कार्यालयाला दिसते ती हजेरी. भरलेला डबा परत जाताना दिसतो तो जिन्यावर, आणि त्या जिन्याची मालकीण विद्यापीठाच्या कुठल्याच कागदावर नसते. सी फॉर्ममुळे पोलिसांकडे माझा पत्ता होता. त्या मॅडमना माझा नंबर मात्र मुलीच्या मैत्रिणींच्या मैत्रिणींकडून शोधावा लागला. प्रवेशाच्या वेळी एक ओळ जास्त विचारली असती तर आठ दिवस गेले नसते.

यात माझी दुसरी चूकही सांगायला हवी. भाताच्या दिवसानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. रोज वर जायचे, जेवलीस का, झोपलीस का. एक दिवस ती सकाळी उशिरा उठली म्हणून तिला न विचारता मी मॅडमना फोन केला. तिनं मला खाली येऊन शांतपणे सांगितलं, "आँटी, मला विचारून करा. मी आजारी आहे असं सगळे बोलायला लागले तर मी उठणार नाही." माझा चेहरा पडला, पण तिचंच बरोबर होतं. मग आम्ही दोघींनी ठरवलं. दोन दिवस डबा भरलेला परत गेला तर मी तिला विचारायचं. तिला बोलायला जमलं नाही तर मॅडमना कळवायचं, हे ती आधीच मान्य करणार. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिनं स्वतः आपल्या आरशावर लिहिला. विद्यापीठात समुपदेशन सुरू झालं, त्याला ती एकटी जायची, मी विचारत नसे.

माशांचं काय, असं कुणी विचारेलच. वरच्या मोरीच्या बाजूला ओटा करून घेतला. मासे ती रोज खातच नव्हती. पौर्णिमेला, त्यांच्या पोयाला, ती मासळीला हात लावत नसे, आणि ती बुद्धाची पूजा करते हेही मला तेव्हाच कळलं. समोरच्या भाभीजींनी एकदा वास आल्याचं बोलून दाखवलं. मी म्हणाले, हो, माझ्या घरात शिजतं. माझ्या माहेरीही शिजतं. इतक्या वर्षांत त्यांना हे पहिल्यांदा कळलं. महिनाभर त्या बोलल्या नाहीत. मग संक्रांतीला फिणी घेऊन आल्या, आणि मी तिळगूळ घालून वाटी परत केली. वरचं कालवण मी पहिल्या दिवशी खाल्लं नाही. पुढच्या महिन्यात खाल्लं. त्यात आंबटाला तिनं गोरका घातलं होतं, आमच्या कोकमाच्याच कुळातलं, काळं, धुरकट वासाचं.

ती या मे महिन्यात शिक्षण संपवून गेली. कागद मी त्याआधीच काढला होता. भिंतीवर त्याचा चौकोनी डाग आहे, रंग द्यायचा राहिलाय.

मागच्या आठवड्यात भूतानची एक मुलगी खोली बघायला आली. फाटक दहाला बंद होतं हे सांगितलं, ते अजूनही होतं. मॅडमचा नंबर तिला दिला, माझा त्यांना देऊ का विचारलं. मग विचारलं, घरी काय जेवतेस? ती जरा दचकली. एमा दात्शी, म्हणाली. मिरच्या आणि चीज. मिरची इथं हवी तितकी, मथानियाची सुकी लाल घरातच आहे. चीज तिच्याकडच्यासारखं कुठं मिळतं ते आम्ही रविवारी शोधायला जाणार आहोत.