चाळीस टँकर

माजलगावकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट आहे. माझी माय आणि आबा अठरा हंगाम ऊस तोडत होते. दसरा झाला की मुकादमाची गाडी गावात यायची आणि मी आजीजवळ राहायचो. गाव धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात. कारखान्याचा पट्टा पडला की दोघं परत यायची. उचल कधी फिटलेली असायची, कधी नाही. त्या पैशातून मी अंबाजोगाईला बीएस्सी केलं आणि पुढं मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोलचं तंत्र शिकलो. त्यांनी तोडला तसल्याच उसावर माझा पगार निघतो. म्हणून या इंधनाबद्दल मला लांबून बोलता येत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी सुट्टीला घरी गेलो, तर मायनं विचारलं, "तुह्या कपड्याला हा कसला वास येतोय रं?"

तो स्पेंट वॉशचा वास होता. मग मी तिला सगळं सांगत बसलो. उसाच्या रसातून साखर काढली की काळा, चिकट पाक उरतो, ते मोलॅसिस. आपल्याकडं त्याला मळी म्हणतात आणि रसाच्या गाळाला, म्हणजे प्रेसमडलाही मळीच म्हणतात, त्यामुळं शेतकऱ्यांशी बोलताना दरवेळी घोटाळा होतो. त्यात पाणी घालून ते पातळ करायचं, यीस्ट सोडायचं. मोठ्या टाकीत ते दिवसभर फसफसत राहतं.

"म्हंजे आंबिलावाणी," माय म्हणाली.

अगदी तसंच. या आंबवणात अल्कोहोल आठ-दहा टक्केच असतं. ते उकळून, वाफ थंड करून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत नेता येतं. त्यापुढचं पाणी नुसत्या उकळण्यानं निघत नाही. वाफ बारीक मण्यांच्या थरातून काढावी लागते, ते मणी पाणी धरून ठेवतात. नमुना साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वर गेला की मी सही करतो आणि टँकर तेल कंपनीच्या डेपोकडं निघतो. मागं एका लिटरला आठ ते बारा लिटर काळपट स्पेंट वॉश उरतो. तो ओढ्यात गेला तर मासे मरतात, विहिरी नासतात. म्हणून तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात.

सगळं ऐकून माय म्हणाली, "आन ह्याला पाणी किती लागतं रं?"

मी तिला टाकीतल्या पाण्याचा आकडा सांगितला. ती फडातल्या पाण्याचं विचारत होती.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात सापडलं. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं, आणि एक टन उसातून 70 लिटर इथेनॉल निघतं. माय आणि आबा, म्हणजे मुकादमाच्या वहीतला एक कोयता, दिवसाला दोन टन तोडायचे. म्हणजे 140 लिटर इथेनॉल. त्यामागं चार लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या वर्षी, आमच्या सगळ्या गावाला दिवसाला एक टँकर यायचा. एका कोयत्याची एका दिवसाची तोड आणि आमच्या गावाचे चाळीस दिवस.

त्यांनी तोडलेला ऊस बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडचा. तिथं नद्यांना पाणी असतं. आमच्या कारखान्याचा ऊस मात्र माजलगाव धरणाच्या आणि गोदावरीच्या भरवशावर उभा राहतो, आणि ते धरण किती वेळा तळाला जातं हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

पाण्याशिवाय इंधन पिकतं, हेही आम्ही एकदा ऐकलं होतं. मी शाळेत असताना मोगली एरंडाचा बोलबाला झाला. त्याच्या बियांचं डिझेल होतं, पडीक रानात येतं, असं ऐकून आबांनी बांधावर रोपं लावली. झाडं जगली, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला कामाला आली. बिया पायलीभरही मिळाल्या नाहीत, आणि त्या घ्यायलाही कुणी आलं नाही.

इथेनॉलचा फायदा मी रोज बघतो, तो नाकारणार नाही. आपला देश 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. 2025 मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर गेलं, तेवढा पैसा देशात राहिला. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर येतात. चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला दर, द्यायची हा कायदा आहे, तो पाळायला त्यानं हातभार लागतो. माझ्या मोटारसायकलचं अॅव्हरेज थोडं कमी झालं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं ऊर्जा कमी असते. ते मी सोसतो.

पण 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायला बंदी घातली, तो दिवस मी विसरलो नाही. पाऊस कमी, साखर कमी पडेल ही भीती. आठवडाभरात 17 लाख टन साखरेपुरती सूट मिळाली, पण तोवर सगळी आखणी कोलमडली होती. एक पावसाळा हुकला आणि देशाचं इंधनाचं धोरण अडखळलं. मायच्या प्रश्नाचं उत्तर दिल्लीनंच दिलं.

आणि एक खर्च कुठल्याच लॉगबुकात नसतो. 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीसमोर आलं की बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. माझी माय त्यातली एक. पिशवी काढली तेव्हा तिला चाळीस पुरी नव्हती. आजारपणात खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून तिनं पिशवी काढून टाकली. आता चार हंडे उचलले तरी तिची कंबर धरते.

माझं मत आता पक्कं आहे. साखर काढून उरलेल्या मोलॅसिसचं इथेनॉल करावं. तो ऊस तसाही गाळला जाणार आहे. पण बीडमध्ये केवळ इंधनासाठी उसाचं क्षेत्र वाढवू नये. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत डिस्टिलरीच्या विस्ताराचा ठराव वाचला जाईल तेव्हा उठून दोन प्रश्न विचारा: पाणी कुठल्या धरणातून येणार, आणि तोडणाऱ्या बाईच्या दवाखान्याचा खर्च कोण देणार.