पळसरंगी नारायणपेठी

माघ सरत आला की किनवटच्या रानात सागाची पाने वाळून खडखडू लागतात आणि त्याच सुमारास पळसाला बहर येतो. झाडावर पान जवळजवळ नसते. काळपट, वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांवर केशरी फुलेच फुले. पाकळीच्या बाकात पोपटाची चोच दिसली म्हणून संस्कृत कवींनी त्याला किंशुक म्हटले, आणि सुगंध नाही म्हणून नावेही ठेवली. किनवटच्या बाजारपेठेला पळस ठाऊक होता तो पत्रावळीपुरता. मोह, चारोळी, डिंक, बिब्बे, पळसाची पाने असा रानातून येणारा माल मापून घेणाऱ्यांना फुललेले रान पाहण्याची सवड क्वचितच मिळाली.

याच बाजारपेठेत तीन पिढ्या किराणा आणि आडत करणाऱ्या एका ओसवाल कुटुंबातील ही हकीकत आहे. आजोबांच्या वेळच्या पावत्यांवर जिल्हा आदिलाबाद असे छापलेले आहे, कारण १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट तालुका त्या जिल्ह्यात होता. पुढे जिल्हा बदलला, राज्य बदलले. दुकानाची पायरी तीच राहिली. घरातील वृद्ध मातेला मुलगा, सून, दुकानातील माणसे, सगळेच ‘बाई’ म्हणतात. बाईंचे वय आज ७६. नऊ वर्षांपूर्वी पती गेले, तेव्हापासून त्या फिकट राखी किंवा मोतिया रंगाची, काठ असेल-नसेल अशी साडी नेसत आल्या. कुणी तसे सांगितले नव्हते. सांगावे लागत नाही, हेच तर त्या रीतीचे बळ असते.

गेल्या दिवाळीनंतर मुलाने जुनी गाडी विकली. गाडीच्या कप्प्यात डिझेलची नोंदवही होती. व्यापारी माणूस, प्रत्येक फेरी, किलोमीटर आणि कारण तीत टिपलेले. वही टाकण्यापूर्वी चाळताना बाईंच्या फेऱ्या त्याने सहज बोटाने मोजल्या. नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात सहा वेळा. दुःखवट्याला चार वेळा. चातुर्मासात साधू-साध्वींच्या दर्शनाला वर्षातून एकदा. नऊ वर्षांत चौथे कारण एकही नव्हते. स्वतःच्या फेऱ्यांत मात्र ‘मित्रांसोबत’ असा शेरा अनेक ठिकाणी होता. ती वही त्याने टाकली नाही, आणि पुढचे दोन दिवस दुकानात त्याचे लक्षही नव्हते.

फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्याला शिकणारी नात चार दिवस घरी आली, तेव्हा त्याने विषय काढला. बाईंना कुठेतरी न्यावे. देवदर्शन नको, दवाखाना नको, नुसते फिरायला. नातीने लगेच सूत्रे हाती घेतली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाई वापरत असलेला तो हिरवा, पुठ्ठ्यासारखा चष्मा तिने बाद ठरवला आणि स्वतःच्या पैशाने आणलेला मोठ्या काचांचा तपकिरी गॉगल पुढे ठेवला. आणि सुनेने कपाटातून एक घडी काढली: पळसाच्या फुलाच्या रंगाची नारायणपेठी, बारीक चौकडा, जांभळे काठ.

ही साडी घेताना सुनेने बरीच काळजी घेतली होती. नांदेडच्या दुकानदाराने आधी रेशमी गठ्ठे उलगडले होते. पण बाईंनी रेशमाचे पच्चक्खाण घेतले आहे. कोशातला जीव आत असतानाच कोश उकळतात आणि एका साडीला असे हजारो कोश लागतात, हे कळल्या दिवशीच त्यांनी रेशीम सोडले. पतंग बाहेर पडून गेल्यावर रिकाम्या कोशांपासून काढलेले ‘अहिंसा रेशीम’ हैदराबादकडे मिळते, असे नातीने एकदा सांगून पाहिले होते. ‘त्यापेक्षा सूत बरं,’ एवढेच बाई म्हणाल्या होत्या. म्हणून ही साडी शुद्ध सुती.

साडी पाहून बाई काही बोलल्या नाहीत. नातीला वाटले, आता समजूत घालावी लागणार. तिने हेरवाडची गोष्ट काढली. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे यापुढे नको, असे ग्रामसभेने ठरवले, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. बाईंनी सर्व शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘ठराव केला हे चांगलंच केलं. पण त्यानंतर कुणी नेसलं का?’ नातीकडे याचे उत्तर नव्हते.

सकाळी चौदा नियम धारण करण्याची बाईंची रोजची रीत आहे. आज वाहन किती, वस्त्रे किती, कोणत्या दिशेला किती अंतर, याची मर्यादा त्या स्वतः ठरवतात. त्या रविवारी त्यांनी मुलाला विचारले, ‘सहस्रकुंड किती लांब?’ त्याने सांगितलेल्या अंतरावर दहा किलोमीटर सूट धरून त्यांनी दिशेचा नियम घेतला. वस्त्रांत त्या दिवशी एक वाढले होते, हे सुनेच्या लक्षात आले. ती गप्प राहिली.

गाडी दारात आली तेव्हा बाई नारायणपेठी नेसून बाहेर आल्या, पण वरून भली मोठी पांढरी शाल लपेटलेली. सकाळी गारवा होता, त्यामुळे शालीचे कुणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते. शेजारच्या घराच्या ओट्यावर त्यांच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे सगळ्यांच्या मोठीबाई, माळ ओढत बसल्या होत्या. वय ८२, त्यांना वैधव्य येऊन वीस वर्षे झाली. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला ‘इथंच, इस्लापूरकडे’ असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते, पूर्णही नव्हते.

बोधडी मागे पडल्यावर बाईंनी शाल काढून मागच्या आसनावर ठेवली. गॉगल लावला. आरशात पाहिले नाही, पण नातीने मोबाईलचा कॅमेरा पुढे धरला तेव्हा मानही फिरवली नाही. पुढच्या आसनावर, मुलाच्या शेजारी बसून त्या बाहेर पाहत होत्या. दोन्ही बाजूंना पळस होता. जरा वेळाने स्वतःशीच हसून म्हणाल्या, ‘भरतानं मरुदेवी मातेला हत्तीवर बसवून नेलं होतं. तू गाडीत नेतोस.’

व्याख्यानात ही कथा ऐकली नाही असे घर आपल्या समाजात नसेल. ऋषभदेवांच्या वियोगाने रडून रडून डोळे अधू झालेल्या मरुदेवीला नातू भरत हत्तीवर बसवून समवसरण पाहायला नेतो, आणि तिथे, हत्तीच्या पाठीवरच, तिला केवलज्ञान होते आणि मोक्षही मिळतो. श्वेतांबर परंपरेत गृहस्थवेशातच सिद्ध झालेल्यांचे पहिले उदाहरण म्हणून तिचेच नाव घेतात. दीक्षा नाही, वेश बदललेला नाही. राजमातेचा शृंगार अंगावर होता तसाच. कथा सांगताना आपण हत्तीचे वर्णन करतो, समवसरणाचे करतो. त्या शृंगारापाशी फारसे कुणी थांबत नाही.

सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या कातळावरून खाली उडी घेते. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. पावसाळ्यात इथला आवाज लांबवर ऐकू येतो. उन्हे वाढू लागली आणि वर इसापूरच्या धरणात पाणी अडलेले असले, की दोन-चार धारा उरतात. बाईंना त्याही पुरेशा होत्या. किनवटला येऊन त्यांना ५६ वर्षे झाली, पण धबधबा त्या प्रथमच पाहत होत्या. त्यांना माहीत होती ती सहस्रकुंड स्टेशनची पाटी. नवी नवरी म्हणून मुदखेडहून आदिलाबादच्या मीटरगेज गाडीने येताना गाडी तिथे थांबली होती, तेव्हा त्यांनी पतीला हळूच विचारले होते, ‘कुंड कुठं आहे?’ ‘दाखवू पुढं कधीतरी,’ असे उत्तर मिळाले. पुढे दुकान होते, तीन मुले होती, दीर-नणंदांची लग्ने होती. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. ‘राहून गेलं,’ इतकेच म्हणून त्यांनी खाखऱ्यांचा डबा उघडला. थर्मासमध्ये उकळून गार केलेले पाणी होते.

जेवणानंतर जवळच्या पळसाखाली सतरंजी घालायची तर जागा मिळेना, कारण सगळीकडे फुले पडलेली आणि फुलांवर मुंग्या. बाईंनी बाजूचा मोकळा कातळ निवडला. मुलाने छायाचित्रासाठी एक फुलोरा तोडायला हात वर केला, तो त्यांनी नुसत्या नजरेने खाली आणला. मग त्यांचे लक्ष त्याच फांदीवरच्या खरबरीत, तांबूस थराकडे गेले.

‘ही लाख,’ त्या म्हणाल्या. ‘किड्यांची असते.’

आणि मग त्यांनी जे सांगितले ते मुलाने पूर्वी अर्धेच ऐकले होते. १९७२ चा दुष्काळ. आडतीत माल येईना. अशा वेळी परगावच्या एका व्यापाऱ्याने रानातली लाख गोळा करून देण्याचे काम देऊ केले, आगाऊ रकमेसह. सासऱ्यांनी नकार दिला. लाक्षावाणिज्य हे श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांपैकी एक. हा धंदा आपल्या घरात होणार नाही. त्या वर्षी घरात तुपाचा डबा आला नाही. सासऱ्यांच्या त्या निश्चयाची गोष्ट कुटुंबात आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. मुलाने ऐकलेला अर्धा भाग तो हाच.

‘ते बैठकीत नाही म्हणाले, तेव्हा मी दाराआड पाणी घेऊन उभी होते,’ बाई म्हणाल्या. ‘सण होता. दोन्ही हातांत लाखेचा चुडा होता माझ्या. मापात विकायची ती लाख पाप. हातात होती तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही.’

त्या थोडा वेळ थांबल्या.

‘तुझे वडील गेले तेव्हा तो चुडा काढला बायकांनी. खूप रडले मी त्याच्यासाठी. पुढं एका चातुर्मासात साध्वीजींनी पंधरा कर्मादानं समजावली. मग मनाशी म्हटलं, ज्याच्यासाठी रडलीस तो किती जीवांचा होता? त्या दिवशी लाखेचं पच्चक्खाण घेतलं. रेशमाचं आधीच होतं.’

मुलाला काय बोलावे कळेना. नऊ वर्षांत जे विचारले नव्हते ते त्याने आता विचारले. ‘बाई, मग या साडीला तुम्ही एकदाही नाही कशा म्हणाल्या नाहीत? आम्ही तर घाबरत होतो.’

‘रेशीम मी सोडलं, बेटा. लाख मी सोडली. हात जोडून, स्वतःच्या तोंडानं,’ त्या म्हणाल्या. ‘रंग मी कुठं सोडला होता?’

पच्चक्खाण ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याने आपल्या वतीने घेतलेल्या त्यागाची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. सातव्या व्रतात श्राविका आपल्या वस्त्रांची मर्यादा स्वतः ठरवते. बारा व्रतांत विधवेच्या वेशाचे म्हणून वेगळे व्रत नाही. व्याजाच्या टक्क्याचा घोळ पै-पैशाने निस्तरणाऱ्या आपल्या घरांत हा साधा हिशेब इतकी वर्षे न जुळता पडून राहिला, याचे आश्चर्य वाटते.

चौविहार असल्याने सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचून जेवण उरकायचे होते. परतताना ऊन चांगलेच तापले होते. किनवट जवळ आले तशी सून मागच्या आसनावर शालीची घडी करू लागली. ती पुढे द्यावी की नाही, हे तिला ठरवता येईना. बाईंनी मागे हात केला नाही. मुलाने विचारले, मागच्या गल्लीने घेऊ का? तिथे गर्दी कमी असते. ‘गर्दीचं काय?’ बाई म्हणाल्या. ‘दुकानावरून घे.’

रविवारची पेठ होती. दुकानासमोर गाडी हळू झाली, नोकराने ओळखले नाही आणि मग ओळखून धांदलीत हात जोडले. समोरच्या कापडवाल्या काकांनी ‘जय जिनेंद्र’ म्हटले आणि मापाची पट्टी हातात तशीच धरून गाडी वळेपर्यंत पाहत राहिले. बाईंनी गॉगलमधूनच ‘जय जिनेंद्र’ केले.

मोठीबाई ओट्यावरच होत्या. गाडीतून उतरणाऱ्या जावेकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिले. सून शाल छातीशी धरून उभी राहिली. नात काहीतरी बोलणार होती, तिला मुलाने खुणेने थांबवले. बाई स्वतःच ओट्यापाशी गेल्या आणि पायरीवर टेकल्या. मोठीबाईंनी माळ मांडीवर ठेवली, पदराचे टोक हातात घेतले आणि अंगठ्याने चुरून पाहिले.

‘सूत आहे?’

‘सूतच.’

‘किती पडली?’

‘१,४५०,’ सुनेने सांगितले.

‘जास्त दिले,’ मोठीबाई म्हणाल्या. पदर त्यांनी सोडला नव्हता. जांभळ्या काठावरून बोट फिरवत त्यांनी सुनेला विचारले, ‘अंगभर हाच रंग असलेली, अशी जांभळी, होती का गं तिथं?’