अपुरे काव्य, पुरे झालेले काम

रेव्हरंड नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले, तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय तेवढे हातून झाले होते. वधस्तंभापर्यंत त्यांची लेखणी पोचलीच नाही. पुढचे 64 अध्याय पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या माउलीने वैधव्यात बसून प्रभूच्या मरणाकडे जाणारी वाट शब्दांत धरली. त्याही 1936 साली गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला.

मला या अपुरेपणाचा फार आधार वाटतो. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यापायी बायको-मुलाचा कितीतरी वर्षांचा विरह सोसला, नगरला येऊन अभंग रचले, आणि तरीही आपण प्रभूपुढे उणे आहोत ही खंत त्यांच्या पदांतून सुटत नाही. मग तुमच्याआमच्यासारख्यांनी कशाच्या भरवशावर डोळे मिटायचे?

आमच्या नगरच्या मंडळ्यांत हा प्रश्न खाटेवरून विचारला जातो. जन्मभर उपासना न चुकवलेली, प्रभुभोजनाचे प्याले हाताने पुसून ठेवणारी म्हातारी शेवटी पाळकांचा हात घट्ट धरते : “साहेब, प्रभू मला घेईल ना?” तिचा विश्वास काही कमी झालेला नसतो. तिची नजर फक्त स्वतःच्या हातांकडे गेलेली असते, आणि हात कोणाचेही पाहिले तरी रिकामेच.

शुभ शुक्रवारी भर दुपारी आपण देवळात प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकतो. उन्हाने पत्रा तापलेला, पंखे गरगरत असतात, पोरे पेंगुळतात. त्यांतला सहावा उद्गार अगदी लहान. जे करायचे होते ते सगळे झाले, एवढेच प्रभू सांगतो. त्यात आपण भर घालायला काही उरलेले नाही. आणि पुनरुत्थान म्हणजे त्या कामावर पित्याची सही. सोसायटीचे कर्ज फेडून बेबाकी दाखला हातात पडला की शेतकऱ्याला त्या रात्री कशी झोप लागते, ते ज्याने कर्ज काढले आहे त्यालाच विचारावे.

पुनरुत्थानाच्या त्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या बायांना वाटेत एकच घोर होता, कबरीवरची धोंड कोण लोटील? त्या पोचल्या तेव्हा ती लोटलेली होती. आजही ईस्टरच्या झुंजुमुंजूला माणसे कबरस्तानात जातात, आपल्या माणसाच्या क्रुसावरची धूळ पदराने पुसतात, मोगरा वाहतात, मेणबत्ती लावतात. रडतात, प्रभू उठला आहे, असे एकमेकांना सांगतातही. माझ्या मते विसावा तो हाच. रडू थांबत नाही, घोर मात्र उतरतो.

तुमच्या घरात कोणी खाटेवरून तो प्रश्न विचारत असेल, तर त्यांच्यापुढे त्यांच्या सत्कर्मांची यादी वाचू नका. जवळ बसा आणि वधस्तंभाची, रिकाम्या कबरीची गोष्ट सांगा, सावकाश, पहिल्यापासून.