परसातील रानकोपरा

कोकणातील त्या घराच्या परसात विहिरीपलीकडचा एक कोपरा आजोबांनी मुद्दाम रानासारखाच राखला होता. तेथे कोयता चालत नसे. आषाढात तेथे टाकळा माजे, श्रावणात तेरडा फुले. माघात आंबा मोहरे आणि वैशाखात ताम्हण जांभळ्या फुलांनी भरून जाई.

एकदा भाद्रपदात लिंबाची पाने अळ्यांनी कुरतडलेली पाहून नातू औषध मारावयास निघाला. आजोबा म्हणाले, "बाळ, महिनाभर थांब."

महिना लोटला. एके सकाळी त्याच झाडावरून काळ्या-निळ्या पंखांचे नीलवंत उडाले. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून गौरविले, तेच हे!

त्या वर्षी लिंबे थोडी कमी लागली. पण नातवाने औषधाची बाटली पुन्हा बाहेर काढली नाही.